लाल गराचा पेरू आणि तांब्याचा टोप

मी एक जुना पेरू आहे. झाड, फळ नव्हे. फळ असतो तर तिखट-मीठ लावून कुणीतरी केव्हाच फस्त केलं असतं आणि ही हकिगत सांगायला मी उरलो नसतो. ठाण्याच्या बाळकुम गावात, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, एका कौलारू घराच्या मागच्या अंगणात मी चाळीस वर्षांहून जास्त काळ उभा आहे. आम्हा पेरूंमध्ये एवढं वय म्हणजे पुष्कळ झालं. ते घर आता राहिलं नाही, गावही नावापुरतं उरलं आहे, मी मात्र आहे.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मला स्तुती फार आवडते. कुणी माझ्या सावलीत उभं राहून 'काय गोड पेरू हाय' म्हणालं की माझी पानं हलतात आणि मी वाऱ्याचं निमित्त सांगतो. पुढे एक मोठा घोळ झाला, एका बाईचा जीव टांगणीला लागला, तो सगळा या स्तुतीपायीच. तेव्हा माझ्या तोंडून माझी थोरवी ऐकताना ती थोडी चाळून घ्या.

माझा जन्म बीपासून झालेला नाही, गुटीपासून झाला. वसईकडच्या एका वाडीत माझी आई होती, आतून लालबुंद गराची. एकोणीसशे छपन्न साली विनिफ्रेड नावाची त्या घरातली मुलगी लग्न होऊन बाळकुमला जायची होती. तिच्या वडिलांनी पावसाळ्यात माझ्या आईच्या एका फांदीची साल बोटभर रुंदीने गोल काढली, तिथे शेणखत कालवलेली ओली माती बांधली आणि वर गोणपाट गुंडाळलं. महिन्या-दीड महिन्यात त्या मातीत पांढरी मुळं सुटली. मग फांदी खालून कापून घेतली, ती फांदी म्हणजे मी. मुलीबरोबर माहेरचं झाड पाठवायची त्या घराची पद्धत होती. विनिफ्रेड सासरी आली तेव्हा सामानात दोन वस्तू तिच्या खास होत्या. एक मी, आणि दुसरा तिच्या आजीचा तांब्याचा मोठा टोप. या टोपाला विसरू नका, पुढे त्याचं काम आहे.

आमचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गलबतांतून समुद्रापलीकडून आले असं सांगतात. विनिफ्रेडच्या पूर्वजांनीही त्याच दिवसांत गळ्यात क्रूस घातला. म्हणजे तिची आणि माझी ओळख तशी चारशे वर्षांची म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या वर्षी मी फळलो. पहिला पेरू विनिफ्रेडने चर्चमध्ये नेऊन ठेवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. तिचा नवरा अल्फान्सो थोडी भातशेती करायचा आणि खाडीत जाळी टाकायचा. तो गेल्यावर थोरला बॉस्को आणि त्याच्यानंतर बारा वर्षांनी झालेली आयरीन, या दोघांना तिने वाढवलं. त्या वाढवण्यात माझा हात होता हे मी अभिमानाने सांगतो. हिवाळ्यात ती माझी फळं पाटीत भरून डोक्यावरून खोपटच्या एसटी डेपोबाहेर न्यायची. पेरू चार बाजूंनी चिरायचा पण देठाशी जोडलेला ठेवायचा, मध्ये तिखट-मीठ दाबायचं आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून आत द्यायचा. कल्याणला, भिवंडीला जाणारी माणसं तिला नावाने ओळखायची. सगळे तिला विनीमाय म्हणत.

नुसती फळंच नाहीत, माझी पानंही गावात नावाजलेली होती. कुणाचं पोट बिघडलं की कोवळ्या शेंड्याची पानं काढ्यासाठी जायची. कुणाची हिरडी दुखली की तो माणूस पानं चघळत माझ्याकडे तुरट तोंडाने बघत बसायचा. खाडीवरची जाईबाई कोळीण मासळीची टोपली घेऊन दारात आली की आधी दोन पानं तोडून कमरेला खोचायची आणि मगच बोंबील दाखवायची.

या सगळ्यामागे नेमकं काय आहे, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते आयरीनने सांगितलं. ही पोरगी ठाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला गेली. खाडीकाठच्या त्या आळीतून असं काही शिकायला गेलेली ती पहिलीच. दुपारी माझ्या बुंध्याला पाठ टेकून ती मोठ्याने वाचायची आणि मी कान देऊन ऐकायचो.

"माय, तुला माहितेय, संत्र्यापेक्षा पेरूत चारपाच पट जास्त सी जीवनसत्त्व असतं," ती एकदा म्हणाली. "आणि सालीत आणि सालीलगत सगळ्यात जास्त. तू साल काढून खातेस ते बंद कर."

"दात नाय राहिले माझे, म्हणून साल काढते," विनीमाय म्हणाली. "तुझ्या पुस्तकात दातांचं काय लिवलंय?"

आयरीन हसली आणि पुढे वाचत राहिली. मित्रांनो, त्या दिवसांत मला माझीच नव्याने ओळख झाली. माझा गर लाल दिसतो तो लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे, टोमॅटोत असतं तेच. माझ्या फळात पेक्टिन असतं, म्हणून ते साखरेत शिजवलं की घट्ट होऊन त्याची वडी पडते. माझ्यातला चोथा पोट साफ ठेवायला मदत करतो. पानांतला तुरटपणा टॅनिनचा, आणि त्यात क्वेरसेटिन म्हणून आणखी एक पदार्थ आहे. पोट बिघडल्यावर पानांचा काढा देतात तो यांच्याच जोरावर, असं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं. "पण जुलाब जास्त झाले तर साखर-मिठाचं पाणी आणि डॉक्टर आधी, काढा नंतर," असंही आयरीनने वाचून दाखवलं. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फारसं आवडलं नव्हतं.

आता त्या घोळाकडे येतो. बॉस्कोचं लग्न होऊन घरात कार्मेल आली होती. शांत, हडकुळी, कामाला वाघ. पहिल्या बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं आणि मूलही हाती लागलं नाही. त्यानंतर वर्षभर ती मागच्या अंगणात माझ्याकडे पाठ करूनच कपडे धुवायची. सत्त्याऐंशी साली तिला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा बॉस्को तिला रिक्षाने नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. परत आल्यावर तो थेट आईकडे आला.

"रक्त सात हाय," बॉस्कोने आईला सांगितलं. "बाई बोलली, एवढ्या रक्तावर बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. मागल्यासारखं झालं तर या खेपेला कार्मेलच राहायची नाय."

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. गावात त्यांना रक्ताच्या गोळ्या म्हणतात. रोज दोन घ्यायच्या आणि दीड महिन्याने परत दाखवायचं. विनीमायने गोळ्यांची पुडी उलटीपालटी करून बघितली आणि कपाटावर ठेवली. मग तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. सगळ्या घरात आता भरवशाचा मीच, असं त्या नजरेत होतं आणि मी लगेच फुगलो.

"यो लाल पेरू माझ्या माहेरचा," ती म्हणाली. "माझ्या आयने मला दोन्ही खेपेला हाच चारला. रक्तासारखा रंग काय उगाच दिलाय देवाने?"

दारात बसलेली जाईबाई म्हणाली, "कच्चा नको देऊस बाय. पेरू थंड. बाळाला पोटात खोकला धरंल."

हे विनीमायला पटलं. मग ठरलं की कार्मेलला पेराद करून घालायचं. पेराद म्हणजे पेरूच्या गराची साखरेत आटवलेली वडी. या लोकांच्या घरी ती नाताळात हटकून होते, पण त्या वर्षी विनीमायने नोव्हेंबरातच चूल पेटवली. टोप अर्थातच आजीचा, तांब्याचा. त्याची कल्हई तळाला केव्हाच उडून गेलेली होती आणि विनीमाय ती पुन्हा करून घ्यायला तयार नसे. कल्हईच्या भांड्यात पेरादला मेल्यासारखा रंग येतो, उघड्या तांब्यात झळझळीत येतो, असं तिचं ठाम मत. तीन-तीन तास ती लाकडी डाव फिरवत उभी राहायची. माझी सगळ्यात सुंदर फळं त्या टोपात गेली आणि मला त्याचा अभिमान वाटला.

कार्मेल सकाळ-संध्याकाळ एकेक वडी खायची. गोळ्या मात्र तिला सोसेनात. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, दुपारपर्यंत तोंडात लोखंडाची चव राहायची. चारपाच दिवस तिने काढले. सहाव्या दिवशी विनीमाय पाटी घेऊन खोपटला गेल्यावर ती माझ्याजवळ आली, खाली बसली, केसांतली पिन काढून तिने मुळाशी एक लहानसं भोक पाडलं, त्यात दोन लाल गोळ्या ढकलल्या आणि वर पायाने माती सारली. मला वाटलं, कसलंतरी बी पेरते आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती हलकेच म्हणाली, "पेराद खाते ना मी. पुरे तेवढं."

मित्रांनो, माझी तेव्हाची अवस्था तुम्हाला सांगून कळायची नाही. झाडाला तोंड नसतं. आरडाओरडा करावा तर तो कशाने करणार? मी दोन पिकले पेरू तिच्या अंगावर टाकून बघितले. तिने ते उचलले आणि टोपाकडे नेले. सगळ्या घराने माझा इतका जयजयकार केला होता, की औषध माझ्या मुळाशी आलं आणि त्या बाईच्या पोटात काहीच जात नव्हतं. माझ्या कौतुकाचा मला पहिल्यांदाच राग आला.

डिसेंबरच्या मध्याला पुन्हा तपासणी झाली. साताचे साडेसहा झाले होते.

बॉस्को मागच्या पायरीवर येऊन बसला. आयरीन त्याच्या शेजारी. "बाईंनी विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? ही हो बोलली," तो म्हणाला. "मग बाई बोलली, गोळ्या लागू पडत नसतील तर मोठ्या हॉस्पिटलात नाव घालायला लागंल, रक्त चढवायला लागंल. जानेवारीत आणखी एकदा बघणार. आयरीन, तू एवढी शिकतेस, काय होतंय हिला?"

कार्मेल आत भांडी घासत होती आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

त्याच आठवड्यात आयरीनच्या कॉलेजात सी जीवनसत्त्व मोजायचं प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकीने घरून एक फळ आणायचं होतं. मुली लिंबू, संत्री, आवळे घेऊन आल्या. आमच्या आयरीन बाईसाहेबांना वाटलं, नुसता पेरू काय न्यायचा, आपण मायच्या हातचं पेराद नेऊ, सगळ्या बघत राहतील. डबा भरून नेला. संध्याकाळी परत आली ती माझ्याकडे न बघता. डबा पायरीवर आपटला.

"डोंबिवलीच्या एका मुलीचं सुकलेलं संत्रं माझ्यापेक्षा सरस निघालं," ती विनीमायला म्हणाली. "पेरादमध्ये काहीच नाही, माय. जवळजवळ शून्य."

शून्य. मी जवळजवळ तीस वर्षं फळं दिली होती आणि माझ्या वाट्याला हा शब्द आला. त्या रात्री वारा नसतानाही माझी चारदोन पानं गळाली, इतकंच सांगतो.

पण आयरीन हट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या दक्षिणेकडच्या फांदीवरचा पिवळसर झालेला, अजून कडक असलेला एक पेरू तोडला आणि दप्तरात टाकला. दुपारी ती धावतच आली. कॉलेजातल्या तिच्या बाईंनी कच्च्या पेरूचा आकडा बघून विचारलं होतं, "काल जे आणलंस ते कशात शिजवलं होतं?" तांब्यात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला होता. सी जीवनसत्त्वाचं आणि उघड्या तांब्याचं हाडवैर. तांब्याच्या संगतीत ते हवेने भराभर नासतं, आणि त्यात तीन तासांची धग. शिवाय आंबटसर पदार्थ अशा भांड्यात कळकतो आणि पोटाला त्रास देतो ते वेगळंच.

हे विनीमायला नुसतं सांगून पटलं नसतं. आजीच्या टोपाला नाव ठेवायचं म्हणजे आजीलाच नाव ठेवायचं. म्हणून रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून सगळे घरी आल्यावर आयरीनने माझ्या सावलीत स्टूल मांडलं. दोन काचेचे ग्लास, तांदळाची गार पातळ पेज, आणि खरचटल्यावर लावायची टिंक्चर आयोडीनची बाटली. विनीमाय, बॉस्को, कार्मेल, आणि कुणी न बोलावता जाईबाई, असे सगळे जमले.

तिने दोन्ही ग्लासांत पेज ओतली आणि आयोडीनचे दोनदोन थेंब टाकले. पेज निळीकाळी झाली. जाईबाईने पदर तोंडाला लावला.

"आता बघ. सी जीवनसत्त्व असलं की हा निळा रंग जातो. नसलं की तसाच राहतो," आयरीन म्हणाली. एका ग्लासात तिने पेरादची वडी पाण्यात कुस्करून घातली. ढवळलं. निळं ते निळंच.

"तू काहीतरी हातचलाखी केलीस," विनीमाय म्हणाली. "दुसरा मी करणार."

ती उठली. माझ्याजवळ आली, स्वतःच्या हाताने एक पेरू तोडला, वरवंट्याने ठेचला, फडक्यातून पिळला आणि दुसऱ्या ग्लासात रस थेंबथेंब सोडला. चौथ्या-पाचव्या थेंबाला रंग फिकट झाला. आणखी चार थेंब पडले आणि सगळी निळाई निघून गेली, खाली नुसती गुलाबीसर पेज राहिली. माझ्या आयुष्यात मला हारतुरे कधी मिळाले नाहीत, पण त्या ग्लासाकडे बघताना मला जे वाटलं ते हारतुऱ्यांहून मोठं होतं.

विनीमायने दोन्ही ग्लास शेजारी शेजारी धरून बघितले. मग म्हणाली, "म्हणजे दीड महिना मी पोरीला नुसती साखर चारली."

"मी पण," कार्मेल म्हणाली, आणि रडायलाच लागली. कुणाला काही कळेना. तिने बोटाने माझ्या मुळाकडे दाखवलं. "गोळ्या तिथं हायत. सगळ्या. मला वाटलं, पेराद हाय तर गोळ्या कशाला. तुम्ही सगळे बोलत होतात ना, याच्यातच रक्त हाय."

बॉस्को ताडकन उभा राहिला. त्याच्या तोंडून काही वेडंवाकडं निघायच्या आत विनीमायने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"हिला नाय बोलायचं," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून हिने ऐकलं. चूक टोपाची नाय, पेरूची नाय, हिचीबी नाय. माझी हाय. ऊठ बाय, डोळे पूस."

मित्रांनो, मी पुष्कळ माणसं बघितली आहेत. आपल्या आजीच्या टोपापुढे, आपल्या तीस वर्षांच्या बोलण्यापुढे, सगळ्यांदेखत 'माझं चुकलं' म्हणणारी माणसं फार थोडी बघितली. माझा जीव त्या म्हातारीवर आधीपासूनच होता, त्या दिवशी मी मनोमन तिच्यापुढे वाकलो.

सोमवारी आयरीन आणि कार्मेल दोघी नौपाड्याला गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगून आल्या. बाई रागावल्या, आणि राग ओसरल्यावर नीट समजावून सांगितलं. गोळी उपाशीपोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्यायची. लगेच वर चहा प्यायचा नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही, दीड-दोन तास जाऊ द्यायचे. "आणि पेरू जरूर द्या, कच्चाच द्या, न शिजवता, सालीसकट," त्या म्हणाल्या होत्या. "सी जीवनसत्त्वाने लोह अंगात मुरायला मदत होते. चवळीची भाजी, नाचणीची भाकरी आणि वर पेरू. पण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही."

गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आयरीनने हे शब्द मागच्या अंगणात दोनदा उच्चारले. मला ते आता पटले, आणि त्यात माझा काही अपमान आहे असं वाटेनासं झालं.

जाईबाईने खोकल्याची आठवण करून दिली, तेव्हा विनीमाय म्हणाली, "खोकला आला तर बघू. रक्त गेलं तर काय बघशील?"

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यात कामाचे दिवस. त्या हंगामातली माझी निवडक फळं खोपटला गेली नाहीत. पोपटांनी आणि वटवाघळांनी ती टोचू नयेत म्हणून बॉस्कोने बापाचं जुनं मासळीचं जाळं माझ्या अर्ध्या अंगावर टाकून खाली बांधून घेतलं. खाडीवरची माणसं येता-जाता विचारायची, "काय बॉस्को, झाडावर मासे धरतोस काय?" तो हसायचा नाही, गाठी तपासायचा. रोज दुपारी जेवण झालं की कार्मेल पायरीवर यायची, सासूच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची आणि मग माझा एक पेरू कचाकचा चावून खायची. बिया दातांत अडकल्या की माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा वर्षं फळायला तयार होतो.

जानेवारीत आकडा आठावर गेला. फेब्रुवारीत नवाच्या पुढे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली आणि बॉस्को रिक्षातून उतरून घरात न जाता आधी माझ्याकडे आला. "दहा आणि वर थोडं," त्याने मला सांगितलं. तो माझ्याशी बोलल्याचं मला आठवतं ते एवढंच. माझ्या बुंध्यावर त्याने हात ठेवला आणि मग आत गेला.

बाळंतपण हॉस्पिटलात झालं. भीती होती तशी वेळ आलीच, रक्त मागच्यासारखंच वाहिलं. पण या खेपेला तिच्या अंगात सोसायला काहीतरी शिल्लक होतं. डॉक्टरांनी ते आटोक्यात आणलं, आणि आठव्या दिवशी कार्मेल स्वतःच्या पायांनी पायरी चढून घरात आली. तिच्या हातात सिसिलिया होती. श्रेय कुणाचं, असं मला विचाराल तर डॉक्टरांचं, गोळ्यांचं, आयरीनच्या हट्टाचं आणि विनीमायच्या मोठ्या मनाचं. माझा वाटा त्यांच्या नंतर, पण आहे.

तांब्याच्या टोपाचंही वाईट झालं नाही. विनीमायने त्याला घासून लख्ख केलं आणि सिसिलियाच्या अंघोळीचं पाणी त्यात तापायला लागलं. नाताळचं पेराद पुढे स्टीलच्या भांड्यात व्हायचं. रंग मेल्यासारखा येतो, अशी तक्रार विनीमाय दर वर्षी करायची आणि दर वर्षी पेराद त्यातच करायची.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाळकुममध्ये भाताची शेतं भरली गेली, इमारती आल्या. विनीमाय गेली. आयरीन लग्न होऊन कल्याणला गेली आणि तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. सत्त्याण्णव साली घराची जागाही इमारतीसाठी दिली गेली आणि बॉस्को-कार्मेल डोंबिवलीला तळमजल्याच्या घरात राहायला गेले. मी कुंपणाच्या कोपऱ्यात सापडलो म्हणून वाचलो. आता माझ्या बुंध्यात कुणीतरी जाहिरातीच्या पाटीसाठी खिळे ठोकले आहेत, मुळांवर सिमेंटची गोणी रिकामी केली आहे, आणि फळ दिसलं की ते पिकायच्या आधीच दगड येतो. मित्रांनो, मला त्याची फार तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की दगड मारण्याऐवजी हात वर करा, मी फांदी पुष्कळ खाली ठेवली आहे. पेरू धुऊन, सालीसकट खा. तुमच्या दारात एखादं झाड असेल तर त्याला पाणी घाला आणि त्याचं कौतुक जरूर करा. फक्त ते कौतुक ऐकून घरातल्या कुणी आपलं औषध मातीत पुरलेलं नाही ना, तेही बघा.

गेल्या पावसाळ्यात कार्मेल आली होती. बरोबर दहा वर्षांची सिसिलिया. कार्मेलने माझी एक सरळ फांदी निवडली, साल गोल काढली, ओली माती बांधली, वर गोणपाट गुंडाळलं. विनीमायच्या वडिलांनी केलं होतं तसंच. दीड महिन्याने मुळं सुटल्यावर ती फांदी कापून न्यायला दोघी परत आल्या. डोंबिवलीच्या घरामागे हातभर माती आहे, तिथे ती लावायची होती.

निघताना कार्मेलने एक पेरू तोडला, रुमालाला पुसला आणि अर्धा मोडून मुलीला दिला. सिसिलियाने आत बघितलं. "मम्मी, हा आतून एवढा लाल कसा गं?"

कार्मेल माझ्या मुळाशी वाकली. पिनेने भोकं पाडायची ती जागा तिला बरोबर आठवत होती. तिथली माती तिने हाताने सारखी केली आणि म्हणाली, "माझ्या रक्ताच्या गोळ्या यानंच खाल्ल्यात."

आयरीन तिथे असती तर तिने लायकोपीन समजावून सांगितलं असतं. माझा लाल रंग माझा आहे, माझ्या आईकडून आलेला, कुठल्याही गोळीच्या आधीचा. स्तुतीच्या बाबतीत मी किती हावरा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी माझ्या रंगाचं सगळं श्रेय मी त्या गोळ्यांना देऊन टाकलं, आणि ती छोटी मुलगी पेरू खाताना बघत राहिलो.